काडी बोलते ते खरं

माझ्या भाचीइतका संशयी जीव तापीच्या काठावर, आमच्या भुसावळपासून थेट सुरतेपर्यंत, दुसरा झाला नाही हे मी छातीठोकपणे सांगतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. हिचं तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी ही पाणीसुद्धा फुंकून प्यायची. वाण्याकडे गेली की तराजूची पारडी उलटी करून खाली चिंच चिकटवलीय का बघायची. दूधवाल्याला उंबऱ्याशी उभं करून नखावर दुधाचा थेंब घ्यायची, आणि तो घरंगळला की त्याच्याकडे नुसती बघत राहायची. तो बिचारा म्हणायचा, "बेन, भैंस ही पानी बहुत पीती है." मी तिचा सख्खा मामा, पण मी लिमलेटची गोळी पुढे केली तरी आधी विचारायची, "मामा, काम काय आहे?" आता काम असायचं, ही गोष्ट वेगळी.

दाजी, म्हणजे तिचे वडील, सुरतजवळ उधन्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते आणि आमची सगळी चाळच खानदेशातून आलेल्या लूमवाल्यांची. तिथे एके दिवशी शाळेच्या मोठ्या बाई स्वतः आल्या आणि म्हणाल्या की हिची निवड झाली, वर्षभर अमेरिकेत एका कुटुंबात राहून तिथल्या शाळेत शिकायचं, खर्च सगळा तिकडच्या मंडळाचा. चाळीत पेढे वाटले. पेढा खाऊन, बोटं पुसून भाची म्हणाली, "पण का?" ओळख ना पाळख, परक्याची पोर वर्षभर कोण पोसतं? एक तर त्यांना धुण्याभांड्याला कोणी मिळत नसणार, नाहीतर मुलगा उजवायचा असणार. ताईनेही, म्हणजे तिच्या आईने, मान डोलावली, "बराबर शे. फुकट कोनी खावाले देस का?" पुढे त्या घरच्यांचा फोटो आला. त्यात एक जाडसर हसरी बाई, तिचा नवरा आणि कुत्रा. फोटो उन्हात धरून भाची म्हणाली, "मुलगा दिसत नाही. म्हणजे लपवलाय." पोरीला जायचं होतं हो, मनापासून जायचं होतं. इंग्रजीचे धडे ती मोरीत भांडी घासताना पाठ म्हणायची. पण संशय फिटल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हा तिचा धर्म. आणि मोठ्या बाईंना शनिवारपर्यंत होकार हवा होता, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

त्याच आठवड्यात त्या बाईचं पार्सल आलं. आत स्वतः विणलेला निळा स्वेटर. मे महिन्याची सुरत, अंगावर बनियन सहन होत नाही, आणि चाळीतली माणसं त्या स्वेटरभोवती गोळा झाली. दाजींचं ब्रीदवाक्य होतं, "व्यापारी खोटं बोलेल, काडी खोटं बोलत नाही." कापड कसलंही असो, कडेचा एक धागा ओढायचा, काडी लावायची, वास घ्यायचा. नायलॉनची गोळी होते, सुताची राख होते, लोकरीला केस जळाल्याचा वास येतो. भाचीने बाहीच्या टोकाचा धागा ओढून त्याचं टोक जाळलं. सगळ्यांनी नाकं पुढे केली. "लोकर खरी आहे," ती म्हणाली. "म्हणून माणसं खरी असतील असं नाही." मग ज्याला त्याला स्वतः जाळून बघायचं होतं. प्रत्येकासाठी ती धागा ओढत गेली. शेवटी धागा थांबेचना, नुसता येतच राहिला. दाजी म्हणाले, "ओढ, आडवा बाणा आहे, किनारीला संपेल." सारा जन्म लूमवर काढलेली माणसं, ताणा-बाणा झोपेत ओळखतील, पण एकाच धाग्याने सगळं विणलेलं वस्त्र कुणी कधी हातात धरलंच नव्हतं. धागा संपला नाही, बाहीच संपली, पार कोपरापर्यंत.

चाळीत विणता कुणालाच येत नव्हतं. भाची त्या गुंत्याचा गुंडा करत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. "मी जात नाही, मामा," ती म्हणाली. "कसल्या घरची मुलगी म्हणतील."

मी म्हटलं, "असं कर, हाच स्वेटर घेऊन जा. लोकर तपासलीस, आता बाई तपास. उसवलेली बाही बघून काय करते ते बघ. याच्याहून मोठी परीक्षा कोणती?"

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. पण परीक्षा म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. शनिवारी होकार गेला.

वर्षाने सुरत स्टेशनावर तिला घ्यायला मी गेलो. अंगाने भरली होती, नजर तीच. तांगेवाल्याला भाडं आधी कबूल करायला लावलंच तिने. तांग्यात बसल्यावर मी विचारलं, "मग? बाई पास का नापास?"

"तिने काहीच विचारलं नाही," भाची म्हणाली. "पहिल्याच दिवशी गुंडा घेतला, सुया माझ्या हातात दिल्या आणि शेजारी बसली. बाही मीच विणली." बॅगेतून तो निळा स्वेटर काढून तिने दाखवला; बाही खरंच तिचीच होती, दुसरीपेक्षा चार बोटं लांब. "वर्षभर वाटायचं, आता विचारेल, मग विचारेल. निघताना तिने नवा स्वेटर दिला. घडी उलगडली तर आत हे." तिने पर्समधून काड्यापेटी काढली. गुंड्यातल्या धाग्याचं टोक जळकं होतं. काडी लावून पाहिलंय हे बाईने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

"मग लावलीस काडी?"

तिने काड्यापेटी परत पर्समध्ये टाकली आणि पर्स बंद केली.

ती बाई आता नाही. भाची संसाराला लागली, वाण्याकडे अजून पारडी उलटी करते. ती काड्यापेटी तिच्या देव्हाऱ्यात असते. मागे एकदा मी म्हटलं, "सुरतेच्या हवेत सादळल्या असतील गं काड्या. एक ओढून तरी बघ."

"राहू दे, मामा," ती म्हणाली, आणि काड्यापेटी जागेवर ठेवली.