मुअल्लिम बुअज्जाचे गूढार्थ

मेकनेस शहरातल्या चपलावाल्यांच्या गल्लीत मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, बुअज्जा दिवसभर पिवळ्या चपला शिवायचा आणि शिवता शिवता गाण्यांचे गूढार्थ सांगायचा. चपला बऱ्या असायच्या, गूढार्थ मात्र अव्वल.

आमच्याकडची जुनी गाणी जरा चावटच. त्यांत प्याले भरतात, गालावरचे तीळ मोजले जातात, पहारेकऱ्याचा डोळा चुकवून कुणी कुणाच्या दारी जातं. पाठ सगळ्यांना, पण चारचौघांत म्हणायची चोरी. बुअज्जाने त्यावर तोड काढली होती. मद्य म्हणजे देवाची ओढ, प्रेयसी म्हणजे देवाचं तेज, पहारेकरी म्हणजे आपलाच अहंकार. "आणि तीळ?" असं कुणी खवचटपणे विचारलंच, तर हातातला टोचा न थांबवता तो म्हणे, "तीळ म्हणजे एकत्व. एकच असतो ना?" एका गाण्यात दोन तीळ निघाले, तेव्हा दुसरा त्याने गाणं उतरवून घेणाऱ्याच्या माथी मारला.

त्याचा सर्वांत पक्का श्रोता म्हणजे मसाल्याचा व्यापारी हाज थामी. माणूस करडा, हज करून आलेला, नमाज कधी न चुकवणारा, गाण्याबजावण्याच्या वाऱ्याला उभा न राहणारा. पण या अर्थांनी तो पुरता विरघळला. मागल्या थंडीत त्याची बायको राकिया गेली, तेव्हापासून तर दर गुरुवारी दुकानात येऊन बसू लागला. त्यातूनच त्याच्या मुलाचं बुअज्जाच्या मुलीशी, बत्तूलशी जमलं.

लग्नाच्या दुपारी गवय्यांनी बुअज्जाने स्वतः रचलेलं पेल्याचं गाणं धरलं. बायकांनी टाळ्यांचा ठेका दिला, बत्तूलच्या आत्याबाई कंबर बांधून उठल्या, आणि हाज थामीने हात वर केला.

"बसा सगळ्या. ही देवाची ओढ आहे. वुजू करून, हातपाय-तोंड धुऊन या आणि माना खाली घालून ऐका. टाळ्या नकोत, नाच तर नाहीच."

"लग्न आहे का मयत?" आत्याबाई पुटपुटल्या.

बत्तूलने बापाला पडद्याआड ओढलं. "बा, तुमचे गूढार्थ तुम्हीच निस्तरा. माझ्या लग्नात एकही बाई नाचली नाही, तर जन्मभर ऐकवीन तुम्हाला."

बुअज्जा पेचात पडला. खरं सांगावं तर चाळीस वर्षांची अब्रू जाणार, आणि हाज चिडून वरात माघारी घेऊन गेला तर पोरीचं लग्नही. न सांगावं तर पोर रडत सासरी जाणार. शेवटी पोरीपुढे अब्रूने हार खाल्ली.

"हाज," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मी थापा मारल्या. या गाण्यातलं मद्य म्हणजे मद्यच. मी प्यायलेलं. गाल बत्तूलच्या आईचा, आणि पहारेकरी माझा सासरा."

आत्याबाईंना हसू आवरेना. हाज हसला नाही.

"आणि शेवटचं कडवं? उंबऱ्याशी चपला आहेत, पाय कुठे गेले? तुम्ही म्हणाला होतात, चपला म्हणजे देह आणि पाय म्हणजे आत्मा."

"चपला तिच्याच, हाज. मीच शिवलेल्या. ती गेल्यावर सात वर्षांपूर्वी ते कडवं जोडलं. आत्मा बित्मा नंतर चिकटवला."

हाज थामीने गालिच्याकडेच्या आपल्या चपला जवळ ओढल्या. लोकांना वाटलं, आता उठतो आणि मुलाला घेऊन चालू लागतो.

"तुम्ही आत्मा सांगायचात," तो हळू म्हणाला, "आणि मला राकिया दिसायची. मला वाटायचं, पवित्र गोष्ट ऐकताना माझं मन बायकोकडे धावतं, हे पाप आहे. दर गुरुवारी घरी जाऊन मी त्याची माफी मागत आलो, मुअल्लिम."

तिळापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्याला अर्थ शोधणाऱ्या बुअज्जाला स्वतःची लाज वाटली. तो व्याह्याशेजारी मांडी घालून बसला आणि गवय्यांना म्हणाला, "आधी शेवटचं कडवं घ्या. मग बायकांना नाचू द्या."