डाळिंबी चिंधी

भिवपुरीला, पॉवर हाउसच्या क्वार्टरमध्ये, एका शनिवारी सकाळी मी केसांचा काळा रंग मध्ये येऊ नये म्हणून डोक्याला पांढरा पंचा गुंडाळून ओट्यावर बसले होते. माझी वहिनी एकेक चिंधी माझ्या हनुवटीखाली धरून बघत होती. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती… आता माझी नव्वदी कधीच उलटली, फोनवर बोटं हळू चालतात, सांभाळून घ्या.

झालं होतं असं, की मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवी, पास झाले आणि खालापूरजवळ आमच्याच गावच्या शाळेत मला मास्तरणीची नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं. आणि मी मात्र नोकरी नको म्हणायच्या बेतात होते.

कारण मी चांगली काळी. चुलतभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ही फळ्यापुढं उभी ऱ्हायली तर पोरांना फळा कुटं संपतो तेच कळायचं नाय." सगळे हसले, मीही हसले… आणि दोन दिवस घास उतरला नाही.

आईचा तर लहानपणापासून नियमच होता, काळ्या पोरीला भडक रंग नाही. मग फिकट आकाशी, फिकट मोतिया, फिकट राखाडी… मी कायम धुऊन विटल्यासारखी दिसायचे. वर मला बघून आईच म्हणायची, "तोंड का गं उतारलंय?" आणि कडू काढा पाजायची. किती काढे रिचवले असतील, देवच जाणे.

तेव्हा कापडावर कंट्रोल होता, रेशनवर मोजूनमापून मिळायचं. मला मिळालं एकच पातळ, पांढरं, जाडंभरडं. पांढरं नेसून शाळेत जाणं शक्यच नव्हतं, रंगवावं लागणार होतं, आणि रंग चुकला तर वर्षभर तोच अंगावर. म्हणून पातळ घेऊन मी भिवपुरीला दादाकडे आले. त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, रंगातलं कळतं असं माझं ठाम मत होतं.

वहिनीने गोधडीसाठी साठवलेल्या चिंध्यांचं गाठोडं सोडलं. शुक्रवारी संध्याकाळी विजेच्या दिव्याखाली मी जांभळा रंग निवडून टाकला. आमच्या गावात कुठला विजेचा दिवा… त्या उजेडात मी स्वतःला राणीच वाटले. सकाळी बाहेर ओट्यावर तीच चिंधी धरली, तर कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं दिसत होतं. वहिनी पोट धरून हसली.

"वन्सं, शाळा काय दिव्याखाली भरणार आहे? आणि रंगाकडे बघू नका हो. तोंडाकडे बघा."

पण बघणार कसं? घरातला आरसा तळहाताएवढा. त्यात तोंड आलं की चिंधी जायची, चिंधी आली की तोंड. शेवटी मी आरसा ठेवून दिला आणि वहिनीच्याच चेहऱ्याकडे बघत बसले. अबोलीला तिने नाक मुरडलं. मोरपंखीला 'ठीक' अशी मान हलवली. मग एक हातभर डाळिंबी तुकडा माझ्या खांद्यावर टाकला… आणि हातातली पुढची चिंधी तिने खालीच ठेवून दिली.

मला धडकी भरली. डाळिंबी म्हणजे भडकच की! आणि मला घरी न्यायला आई दुपारी येणार होती. वहिनी म्हणाली, तुकडा खांद्यावर तसाच राहू द्या, आपण होऊन काही सांगायचं नाही.

आई आली, पाय धुतले, पाणी प्यायली. मी जीव मुठीत धरून बसलेली. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, परत पाहिलं.

"काय गं सिंधे, दादाकडचं पाणी मानावलं वाटतं तुला. तोंडावर कसं त्याज आलंय!"

तिला तुकडा दिसलाच नव्हता! वहिनीने तो अलगद उचलला आणि त्या जागी फिकट आकाशी ठेवला. लगेच आई पुढे सरकली, माझ्या कपाळाला हात लावला, "आता का गं अशी पडलीस?" पुन्हा डाळिंबी… पुन्हा आकाशी. तिसऱ्या वेळी आईने वहिनीचा हात धरला आणि दोन्ही तुकडे नीट बघितले.

"मंजे ही आजारी नवतीच कदी?" एवढंच म्हणाली. मला तिचं फार वाईट वाटलं. आणि खरं सांगते, मला स्वतःला इतकं हलकं त्याआधी कधीच वाटलं नव्हतं.

दादाने कर्जतच्या बाजारातून डाळिंबी रंगाची पुडी आणली. रविवारी सकाळी परसात पत्र्याच्या डब्यात पाणी उकळलं, मूठभर मीठ टाकलं, पातळ बुडवलं. काठीने हलवायचं काम आईने कुणालाच करू दिलं नाही. पातळ बाहेर निघालं तेव्हा मी टाळ्याच वाजवल्या.

वहिनी उरलेलं पाणी ओतायला गेली तर आई म्हणाली, "थांब गं." आत जाऊन तिने आपल्या बोचक्यातून स्वतःचं दुसरं लुगडं आणलं. विटकं, राखाडी. माझा रंग तिच्याकडूनच आलेला… हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"रंग फुकट जाईल नायतर," ती कुणाकडेही न बघता म्हणाली आणि लुगडं डब्यात सोडलं.

सोमवारी मी शाळेत हजर झाले, आणि पुढे पस्तीसएक वर्षं होत राहिले. वहिनीचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत. पण मला त्या सकाळचं आठवतं ते वेगळंच. काही गरज नसताना आई मला शाळेपर्यंत सोडायला आली होती. वाटेत शेजारची काकू थांबली, माझ्याकडे नाही, आईकडे बघत राहिली. "काय गं, लई बरी दिसतेस आज!"

चार पोरांची आई माझी, पदर तोंडाला लावून लाजली. तिला लाजताना मी पहिल्यांदाच बघत होते.