हिरव्या लुगड्याची गाठ

उकर्डाजींची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या उपरण्यावरून. मी नुकताच पुण्याहून अमरावतीच्या मराठी शाळेवर मास्तर म्हणून आलो होतो. कापसाच्या बाजारातून चाललो असताना एका काळ्या, उंच, हाडकुळ्या माणसाने, ओळख ना पाळख, माझ्या उपरण्याचं टोक धरलं. दोन बोटांत चुरगाळलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "मास्तर, तुमाले फसोलं. याच्यात दोन जातीचा कापूस कातला हाय. दोन-तीन धुन्यात फाटते पाहा." काय आगाऊ माणूस आहे, असं मनात म्हणत मी टोक सोडवून घेतलं. तिसऱ्या धुण्याला उपरणं फाटलं, तेव्हा मीच त्यांना शोधत गेलो.

आधीची भावंडं जगली नाहीत की वऱ्हाडात पोराचं नाव उकर्डा ठेवतात. उकर्डा म्हणजे उकिरडा. अशा नावाच्या पोराला नजर लागत नाही म्हणे. उकर्डाजी स्वतःच हसत सांगत, "यमानं नाव आयकलं अन् म्हने, उकर्ड्यावर आपलं काय ठिवलं हाय? थो गेला तसाच वापस."

एका शेटजींच्या आडतीवर ते कापसाचे पारखी होते. शेतकऱ्याची गाडी आली की उकर्डाजी आत कोपरापर्यंत हात घालत, चिमूटभर रुई काढत, दोन्ही अंगठ्यांनी ओढून तिचे तंतू सरळ करत आणि आपल्या काळ्याभोर मनगटावर मांडत. मग डोळे मिटून त्यावरून बोट फिरवत. "दर्यापूरकडचा हाय, पन खालचा थर ओला हाय. वाळवून आन बाप्पा, मंग ये." शेतकरी चरफडत गाडी वळवायचा, पण वाद घालत नसे. मी एकदा विचारलं, "डोळे कशाला मिटता?" तर म्हणाले, "कापूस डोयाले फसोते मास्तर, बोटाले नाई."

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत यादवी पेटली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि विलायतेतल्या गिरण्यांना एकाएकी आमच्या काळ्या मातीची आठवण झाली होती. बैलांच्या शिंगांवर चांदीची टोपणं चढली. ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती तो जरीचं पागोटं बांधून बाजारात येऊ लागला. रस्त्याकडेच्या बाभळींचे काटे गाड्यांतून निसटलेल्या कापसाने पांढरे होत. माझी शाळा तेवढी ओस पडली, कारण सगळी मुलं वेचणीला.

शेटजींच्या अंगणात कापसाच्या गठाणी, म्हणजे गासड्या, दाबून बांधायचा लाकडी दाब होता. गठाण अर्धी भरली की उकर्डाजींची बायको गिरजाबाई ताट घेऊन येत. आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडून त्यांनी तिची पुरचुंडी बांधलेली असे. आत मूठभर ज्वारी, हळकुंड, सुपारी, चिमूटभर कुंकू. ती कापसाच्या पोटात ठेवायच्या, नमस्कार करायच्या, मग वरची भर पडायची. "लेक सासरी जाते तं रिकाम्या ओटीनं पाठोते काय कोनी?" असं त्या म्हणत. शेटजीही हात जोडत. ओटी मात्र उकर्डाजींनी पारखून पास केलेल्या मालालाच मिळे. एखादा ढीग त्यांनी नापसंत केला की गिरजाबाई ताट घेऊन तशाच माघारी फिरत आणि त्या मालावर शेटजींचा छापही बसत नसे.

एक दिवस विलायतेहून पत्र आलं. इंग्रजी वाचणारा गावात मी एक, म्हणून शेटजींनी मला बोलावलं. माझं इंग्रजी बेताचंच, पण त्या पत्रात कळायला अवघड काही नव्हतं. तुमच्या छापाच्या गठाणींत घाण आणि परक्या वस्तू निघाल्या. हा उघड लबाडीचा माल आहे. हा छाप पुन्हा आमच्या दारात नको.

अंगणात पंधरा-वीस शेतकरी उभे होते. सगळे उकर्डाजींकडे बघू लागले. या माणसाच्या बोटांवर विसंबून त्यांनी आपला कापूस इथे घातला होता. आज सांगायला लाज वाटते, पण आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ओटी आली नाही. ओटीला कुणी घाण म्हणेल, हे आमच्या कल्पनेपलीकडचं होतं.

शेटजी म्हणाले, "जाऊ द्या. छाप बदलू."

"छाप बदलसान शेटजी," उकर्डाजी म्हणाले, "माही बोटं कशी बदलू? मी जातो."

"कुठं?"

"जथी माल गेला तथी. माल मुका असते. त्याच्या वतीनं मानसानं बोला लागते."

शेटजी आधी हसले. मग उकर्डाजींचा चेहरा पाहून त्यांनी मुंबईच्या व्यापाऱ्याला लिहून कापसाच्या एका गलबतावर जागा मिळवली. जातीतले जाणते दारात आले. समुद्र ओलांडलास तर पंगतीतून उठवू, असं त्यांनी बजावलं. उकर्डाजींनी शांतपणे उत्तर दिलं, "उठवा ना. खोटा म्हनून जेवत बसन्यापरीस खरा म्हनून उपाशी उठनं पुरते."

तोवर आगगाडीचे रूळ आमच्याकडे यायचे होते. अकोल्याच्याही पुढे बैलगाडीने जावं लागे. निघताना गिरजाबाईंनी त्यांच्या कमरेच्या शेल्यात एक हिरवी पुरचुंडी खोचली. पुरुषाला ओटी कसली, म्हणून शेजारणी हसल्या. त्या म्हणाल्या, "गठानीले देतो, अन् मानसाले रिकामं धाडू?" मीही एक कागद लिहून दिला. 'हा मनुष्य कापसाच्या कामी आला आहे, कृपा करून वाट दाखवावी,' असं माझ्या ठेवणीतल्या इंग्रजीत.

पुढची हकिकत त्यांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकली आहे की कधी कधी वाटतं, मीच गेलो होतो.

चार महिने पाणी. मग एका सकाळी लिव्हरपूलचा धक्का. खलाशी माल उतरवण्यात गुंतलेले, सोबत यायला कुणी मोकळं नव्हतं. धोतर, बंडी, पागोटं आणि वर घोंगडी अशा वेषात उकर्डाजी एकटेच फळीवरून खाली उतरले. "मास्तर, तेवढ्या गर्दीत माहं नाव ठाऊक असलेला एक मानूस नोता. मी मेलो असतो तं कोन मेलं हेई कोनाले सांगता आलं नसतं. घोंगडी आंगाभवती गच्च ओढून घेतली. थंडीनं म्हनून सांगतो लोकाले, पन थंडीनं नाई." पाऊस भुरभुरत होता. त्यांनी माझा कागद उघडला तर शाई ओघळून कागद निळा झालेला. माझं इंग्रजी विलायतेत पोचायच्या आधीच धुऊन निघालं, ते बरंच झालं म्हणायचं.

कागद हातात धरून ते तसेच उभे राहिले आणि त्यांना पायाशी, दगडांच्या फटीत, कापसाचा एक पुंजका दिसला. पुढे आणखी एक. एका कुंपणाच्या लोखंडी टोकाला तिसरा, थेट आमच्या बाभळीच्या काट्यावर असतो तसा. "म्हटलं, गाडीवाट सापडली! विलायत असो का वऱ्हाड, कापसाची गाडी सांडल्याबिगर जात नाई." एकेक पुंजका उचलायचा, बोटांत ओढायचा, डोळे मिटायचे. हा आपला नाही. हाही नाही. येणारे-जाणारे थबकून बघत होते, पोरं मागे लागली होती. दोन-तीन वळणांनंतर एका गल्लीच्या तोंडाशी त्यांनी एक ओला पुंजका उचलला आणि रस्त्यातच मोठ्यांदा ओरडले, "हा आपला!"

त्या गल्लीच्या टोकाला वखार होती. दारावरच्या माणसाने हटकलं, तशी उकर्डाजींनी आतल्या थप्पीवरच्या शेटजींच्या छापाकडे आणि मग आपल्या छातीकडे बोट केलं. आतून ते पत्र लिहिणारा दलाल साहेब आला. धिप्पाड, लाल तोंडाचा. लबाडीच्या छापाचा माणूस आपल्या पायांनी चालत आलेला पाहून तो आधी चकित झाला, मग संतापला. तावातावाने त्याने एक फोडलेली गठाण दाखवली आणि आतली घाण मेजावर आपटली.

ती गिरजाबाईंची पुरचुंडी होती. हिरवं लुगडं, तांबडा काठ. हळद ओली होऊन भोवतालची रुई पिवळी पडलेली, कुंकवाचा डाग, ज्वारीचे दाणे.

"चार महिन्यात मले वयखीचं कोनी भेटलं नोतं मास्तर, अन् भेटली तं घरधनीनची गाठ! मी लहान लेकरावानी रडलो." साहेबाला वाटलं, चोर सापडला म्हणून रडतोय. तेवढ्यात उकर्डाजींनी डोळे पुसले, कमरेच्या शेल्यातली आपली पुरचुंडी काढली आणि मेजावर त्या पुरचुंडीशेजारी ठेवली. तेच लुगडं, तोच काठ, गाठीचा पीळही तोच. मग दोन्ही हात जोडून त्यांनी दोन्ही पुरचुंड्यांना नमस्कार केला. साहेबाने वाकून दोन्ही गाठी निरखल्या.

गाठी जुळल्या, पण त्याला पटलं नव्हतं. त्याने दुसरी एक फोडलेली गठाण दाखवली. तीत पुरचुंडी नव्हती, पण रुई खरोखरच मिसळीची होती. उकर्डाजींनी बोट लावलं मात्र, हात झटकला आणि मानेने 'नाही, नाही' म्हणाले. छाप शेटजींचा, माल कुणाचा तरी दुसराच. मधल्या वाटेत कुणीतरी गठाणी बदलल्या होत्या. आता हे सांगायचं कसं? भाषा नाही, दुभाष्या नाही.

उकर्डाजी न फोडलेल्या थप्पीपाशी गेले. एका गठाणीच्या शिवणीतून चिमूटभर रुई ओढली, मनगटावर मांडली, डोळे मिटले. मग हिरवी पुरचुंडी उंच धरली, म्हणजे या गठाणीत ही आहे. साहेबाने ती फोडायला लावली. पोटात हिरवी गाठ निघाली. दुसऱ्या गठाणीशी त्यांनी पुरचुंडी मुठीत झाकून घेतली. फोडली, गाठ नाही. तिसरी, चौथी, पाचवी. वखारीतले हमाल काम टाकून भोवती जमले. सहाव्या वेळी उकर्डाजींनी पुरचुंडी उंच धरली आणि गठाण फुटताच आतलं हिरवं दिसलं, तसा एका हमालाने टोपी हवेत उडवली. साहेबाने स्वतः गाठीच्या गठाणींची रुई ओढून पाहिली. वरची, मधली, तळाची. सगळी एकजात. ज्याला तो लबाडीचा पुरावा समजत होता, ती चोख मालाची खूण होती.

साहेबाने आपला हात पुढे केला. उकर्डाजींना हात मिळवायची रीत ठाऊक नव्हती. त्यांनी तो हात धरला, उलटा केला, बोटं चाचपली आणि खुशीने मान हलवली. "त्याची बोटंई चांगली होती मास्तर. फक्त त्यानं डोयानं पाह्यलं होतं."

डाक गलबतापेक्षा लवकर पोचते. साहेबाचं पत्र आधी आलं आणि त्याच अंगणात, त्याच शेतकऱ्यांसमोर मी ते वाचलं. हिरव्या गाठीचा माल हवा, तेवढाच हवा, आणि गाठीत हळद मात्र सुकी ठेवावी! अंगणात असा कल्ला उठला की शेटजींच्या गाईंनी दावी तोडली. दुसऱ्या दिवसापासून गावोगावच्या बाया गिरजाबाईंकडे हिरव्या लुगड्याच्या पट्ट्या पाठवू लागल्या.

पुढे अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले, बैलांच्या शिंगांवरची चांदी उतरली. हिरव्या गाठीला गिऱ्हाईक शेवटपर्यंत राहिलं. उकर्डाजींना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. जातवाल्यांनी त्यांना पंगतीत परत घेतलं होतं, तेही विलायतेची गोष्ट ऐकायला मिळावी म्हणूनच, असं माझं ठाम मत आहे. परक्या गावी बदली झाली की मी अजूनही आधी पायाखालचा रस्ता बघतो, ओळखीचं काही सांडलंय का म्हणून.

पण ते आठवतात ते परतले त्या दिवशीचे. तोवर रूळ अकोल्यापर्यंत आले होते. गिरजाबाई हट्टाने आमच्या गाडीतून तीन दिवसांची वाट करून अकोल्याला आल्या. आगगाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ती धूर सोडत आली तेव्हा सगळे मागे सरले, गिरजाबाई तेवढ्या पुढे गेल्या. इंजिनाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

उकर्डाजी उतरले. वाळले होते, पण ताठ. बायकोसमोर येऊन त्यांनी शेल्यातून पुरचुंडी काढली. स्वतःची त्यांनी साहेबाकडे नमुना म्हणून ठेवली होती. ही गठाणीतली होती, हळदीने पिवळी झालेली.

"गिरजे, विलायतेहून आनली तुही गाठ. समुद्र पाह्यला तिनं, सायबाची कात्री पाह्यली. सुटली नाई."

गिरजाबाईंनी ती हातात घेतली, डोळे मिटले आणि गाठीवरून बोट फिरवलं.

"सुटन कशी?" त्या म्हणाल्या. "म्या बांधली होती."