आर्लिस नॉर्दलने बोलून लिहिलेला निबंध

आर्लिस नॉर्दल आमच्या कॉलेजच्या मदत केंद्रात पहिल्यांदा आली ती कुणाचा तरी सापडलेला हातमोजा द्यायला. चौपन्न वर्षांची, उंच, खांद्यात जराशी वाकलेली. गावाबाहेर टर्की पक्ष्यांचा कारखाना आहे, तिथे तिने सत्तावीस वर्षं मांसातून हाडं काढली. त्यात उजवं मनगट कामातून गेलं. दोनदा शस्त्रक्रिया झाली, उपयोग झाला नाही. मग तिने कारखाना सोडला आणि आमच्या छोट्याशा कॉलेजात नाव घातलं. तिला नर्स व्हायचं होतं. आईचं शेवटचं आजारपण तिनेच काढलं होतं, तेव्हापासून ते मनात होतं. पण त्याआधी निबंधलेखनाचा वर्ग पास व्हावा लागतो. आणि नावापुढे लबाडीचा एक शेरा बसला, की नर्सिंगवाले दारातही उभं करत नाहीत.

मी केंद्राच्या टेबलावर बसते. हातमोजा घेतला आणि विचारलं, "तुला काही मदत हवी का?"

"छे गं, माझं चाललंय बरं."

अमेरिकेतल्या या मिनेसोटात पहिल्या दोन वेळा 'नको'च म्हणायचं असतं. चर्चच्या तळघरात कॉफी विचारली तरी माणूस दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा 'बरं, अर्धाच कप' म्हणतो आणि भरलेला कप संपवतो. हे मला इथे तीस वर्षं राहून कळलं. पण कॉलेजचे फॉर्म एकदाच विचारतात. 'लिहिताना किंवा टाइप करताना त्रास होतो का?' या प्रश्नापुढे आर्लिसने लिहिलं होतं, 'तसा फार नाही.' फॉर्म फाइलला लागला, विषय संपला.

पहिल्या दिवशी प्रत्येक वर्गात नियमांची अकरा पानी पत्रिका देतात. कॉपी केली तर काय, एआय वापरलं तर काय, आजारी पडलात किंवा अडचण आली तर कुणाकडे जायचं, सगळं त्यात असतं. मुलं शेवटच्या पानावर सही करून मोकळी होतात. आर्लिसने मात्र प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून पत्रिका वाचली आणि मग सही केली.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. चेहरा पांढरा पडला होता.

"तुला दोन मिनिटं असतील तर. नसतील तर राहू दे."

"बस आधी. काय झालं?"

तिच्या निबंधाच्या शिक्षिका डोब्लर मॅडम. त्यांचा नियम असा, की निबंध कॉलेजच्या ऑनलाइन फाइलमध्येच लिहायचा. कोणता शब्द कधी उमटला याची तिथे नोंद राहते. इतरांचे निबंध चार-पाच दिवसांत हळूहळू वाढलेले. आर्लिसचे नऊशे शब्द एका सेकंदात येऊन पडलेले. मॅडमनी तिला बोलावून विचारलं, एआय वापरलंत का? आणि ही म्हणाली, हो, वापरलं म्हणायचं. आता शून्य गुण, आणि शुक्रवारी तक्रार डीनकडे.

"खरंच वापरलंस?" मी विचारलं.

"मला टाइप होत नाही गं. गाडी चालवताना फोनमध्ये बोलत जाते. फोन त्याचे शब्द करतो, ते मी उचलून फाइलमध्ये टाकते. आणि फोनवर खाली बारीक अक्षरात येतं, हा मजकूर एआयने उतरवला आहे. मग नाही कसं म्हणू? मी सही केलीय."

"अगं, पण मनगटाचं सांगितलंस का त्यांना?"

"ते कशाला? अठ्ठावीस पोरं आहेत त्यांच्या वर्गात. माझं कुठे घेऊन बसणार त्या?"

मी कपाळावर हात मारला. "ते बोललेलं आहे का फोनमध्ये अजून?"

"असेल की. मी काही पुसत नाही."

"मग चल. आत्ता जाऊ त्यांच्याकडे."

"नको, उगाच त्यांना त्रास."

"चल म्हणते ना."

"जेवत असतील गं त्या."

"आर्लिस, आता तिसऱ्यांदा सांगतेय. ऊठ."

ती उठली. जिना चढताना मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, हिने कुणाचा हातमोजासुद्धा ठेवून घेतला नाही, तू बघ.

डोब्लर मॅडम खरंच जेवत होत्या. तिशीतली बाई, थकलेली. "आर्लिस, तुम्ही कबूल केलंय. आता मी काय करू?" त्या म्हणाल्या. रागाने नाही, दुखावल्यासारख्या.

"प्रोफेसर, हे ऐकता का? नसेल वेळ तर—"

"आहे त्यांना वेळ," मी म्हटलं आणि फोनवरचं बटण दाबलं.

गाडीची घरघर. मग आर्लिसचा आवाज. 'मांडीचं हाड काढताना सुरी हाडाला टेकूनच चालवायची. पूर्णविराम. नाही, ते राहू दे. आधी थंडीचं सांगते. आत इतकी थंडी, की बोटं आपली आहेत का, ते बघून ठरवावं लागतं. पूर्णविराम. अरे देवा, हा ट्रक कुठून घुसला! डोळे घरी ठेवून आलास का रे बाबा!'

मॅडमनी हातातलं सँडविच खाली ठेवलं. निबंध उघडला. बोट फिरवत चौथ्या परिच्छेदावर थांबल्या.

"ट्रक," त्या म्हणाल्या. "इथे मधेच एक ट्रक आहे. मला वाटलं, यंत्राने काहीतरी ठोकून दिलं."

"राहिला का तो?" आर्लिस ओशाळली. "मी खोडला असं वाटलं होतं."

मॅडम हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. बावीस मिनिटांचं ते बोलणं त्यांनी पुरतं ऐकलं. मग म्हणाल्या, "यंत्राला विचार करायला लावू नका, एवढंच मला म्हणायचं होतं. तुमचा विचार तुम्हीच केलात, त्याने फक्त उतरवून घेतला. हा फरक माझ्या नियमात लिहिलेला नाही. चूक माझी आहे." आणि पडद्यावरची तक्रार त्यांनी आमच्यादेखत पुसून टाकली. "पण मनगटाचं का नाही सांगितलंत? तिसऱ्या पानावर लिहिलंय ना, ज्यांना गरज आहे त्यांनी सांगावं."

"मला वाटलं, ज्यांना खरी गरज आहे त्यांनी."

 मॅडमनी स्वतःच कॉलेजच्या साहाय्य कार्यालयाला फोन लावला. तासाभरात आर्लिसच्या हातात पत्र होतं: या विद्यार्थिनीला बोलून लिहिण्याची मुभा आहे.

बाहेर आल्यावर ती बाकावर बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तिने मोठा श्वास सोडला. मग नवऱ्याला फोन केला. "वेन, काही नाही रे. मिटलं ते. हो, जेवायला घरीच." फोन ठेवला आणि तिला रडू फुटलं. मी शेजारी बसून राहिले.

त्या निबंधाला तिला बी श्रेणी मिळाली. ट्रकचे गुण कापले, विरामचिन्हांचे त्याहून जास्त. "हे माझे आहेत," कागद दाखवत ती म्हणाली, "चुकासुद्धा."

एप्रिलच्या शेवटी नर्सिंगच्या प्रवेशाचं पत्र आलं. ती ते घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"आनंद झाला की नाही?" मी विचारलं.

"वाईट नाही," असं म्हणून तिने मला इतकं घट्ट धरलं, की माझा चष्मा तिच्या कोटात अडकला.