मागल्या पडवीतले चिंचोके

महिन्यापूर्वी सावर्ड्याहून कार्ड आलं. माझी थोरली जाऊ, आमची दुर्गावहिनी, गेली. घरात कुणी मोठ्यानं रडलंसुद्धा नाही. रडायला तोंड होतं कुणाला? मला तर नव्हतंच.

रत्नागिरीला आमच्या घरी बाईनं महिन्याचे तीन दिवस मागल्या पडवीत बाजूला बसायचं. बाकीच्या कुरकुरायच्या, वहिनी मात्र खुशीत! कोळशानं जमिनीवर नऊ घरं आखायची आणि एकापासून नवापर्यंत चिंचोक्यांचे ढीग त्यांत मांडायची. आडवी, उभी, तिरपी, कशीही बेरीज करा, पंधराच यायला हवी. मी दोन हात लांब बसून बेरजा सांगायची. "मधे पाच बसव गो, मग बाकीचे गुण्यागोविंदानं नांदतात," वहिनी म्हणायची. जमलं की अशी हसायची, की दिवसभर ऐकून घेतलेली बोलणी कुठल्या कुठे जायची. माझंही डोकं शांत व्हायचं. पुढे सोळा घरांचा चौकोन तर तिनं स्वतःच जमवला, तेव्हा आम्ही दोघी पोरींसारख्या टाळ्या पिटत होतो...

माझी यमू दोन वर्षांची असताना तापानं फणफणली. सासूबाईंनी पडवीतली ती घरं पाहिली. "हे मांडलंन काय? माझ्या नातीवर करणी केलीन हो हिनं!" मग माझ्याकडे वळल्या, "तुला ठाऊक आहे काय गो हे?"

वहिनी माझ्याकडे बघत होती. खेळ आहे, मीसुद्धा खेळते, एवढंच म्हणायचं होतं. पण मग करणीत माझंही नाव आलं असतं. मी म्हटलं, "मला नाही ठाऊक."

दुसऱ्या दिवशी तिला माहेरी, सावर्ड्याला धाडलं. भावोजी मुंबईला नोकरीत. त्यांनी आईचा शब्द मोडला नाही. चौथ्या दिवशी वैद्यांच्या काढ्यानं यमूचा ताप उतरला आणि ती पेज मागू लागली.

आता यमूच त्या पडवीत बसते आणि घरं आखते. मीच शिकवलं. "तुला कुणी शिकवलं?" यमूनं विचारलं की "माझ्या आईनं" म्हणून मोकळी व्हायची मी. लाज वाटते लिहायला. परवा, हे लिहायला घेतलं तेव्हा, पडवीतच तिला पहिल्यांदा खरं सांगितलं.

ती म्हणाली, "मी चार दिवसांत बरी झाले ना? मग काकूला आणायला कोण गेलं?"

"कुणी नाही गो..."

तिनं वहिनीचा चिंचोक्यांचा डबा ओढला, मधे पाच मांडले. मी नेहमीसारखी दोन हात लांब बसले होते. पण तिनं मला बेरीज विचारली नाही.