शिराळ्याकडे दाखवलेलं बोट

रोज दिवस कलायला लागला की गुणाबाई करवंदीची एक फांदी घेऊन भाजीच्या वाडीच्या दारातली माती सारखी करायची. दार म्हणजे काटेरी कुडातली एक फट, तिला आडवा लावलेला बांबू. त्या फटीसमोरची हातभर जागा ती मागे मागे सरत अशी झाडून घ्यायची की तिचं स्वतःचं पाऊलसुद्धा तिथे उरू नये. सकाळी आली की आधी त्या मातीकडे बघायची, मग मोगऱ्याकडे. मुंगूस गेलं, कोंबडी गेली, कुणाची शेळी येऊन परत फिरली, हे ती उकिडवं बसून वाचायची. दिघाशी गावातले लोक हसायचे. "गुणाबाय, कायता चोरायला येनार गो लोक? तुजी काकडी?" ती म्हणायची, "येनारा सांगून येत न्हाय."

हा संशय ती जन्माला येताना घेऊन आली नव्हती. मुलाच्या, लडकूच्या वेळची बाळंतीण असताना, ती खाटेवरून उठायच्या आत, दिराने बांधावरचा दगड उचलून चांगला आत आणून ठेवला होता. नवरा नवशा भोळा. तो म्हणाला, पावसाने सरकला असेल. पुढे नवशाही गेला, आणि विहिरीलगतचा तो आखूड झालेला तुकडा गुणाबाईच्या वाट्याला राहिला. त्यात ती पावसाळ्यात भात करायची, पण तिचा जीव उन्हाळ्यात. सगळं शिवार करपून पिवळं पडलेलं असताना तिच्या वाडीत पांढरा कांदा असायचा, भेंडी असायची, बांबूच्या मांडवावर शिराळी लोंबायची आणि कडेने मोगरा. पहाटे खुडलेल्या कळ्या पळसाच्या पानात बांधून, टोपलीवर ओला फडका टाकून ती पहिली एसटी धरायची आणि भिवंडीत उतरायची. टोपलीला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही, सख्ख्या मुलालाही नाही.

भिवंडीत तिची घरं ठरलेली. त्यातलं सगळ्यात जुनं रुकय्याचं. रुकय्याच्या नवऱ्याचे कापडाचे लूम होते; घराच्या मागच्या अंगाला त्यांचा खडखडाट दिवसभर चालायचा आणि दोघी मोठ्याने बोलायच्या. उन्हाळ्यात त्या घरात कुणाचं ना कुणाचं लग्न निघायचंच, आणि गजरे गुणाबाईच्याच मोगऱ्याचे. सत्तर सालच्या दंगलीनंतर गावातल्या बाकी बायकांनी त्या मोहल्ल्यात जायचं सोडलं. गुणाबाईने सोडलं नाही. ती म्हणाली, "मला सगल्यांचाच संशय येतो. त्यांचाच येगला कशाला धरू?"

त्यानंतर तीन-चार वर्षांनी, फाल्गुनात, रुकय्याने ओंजळभर कळ्या नाकाशी नेल्या आणि तोंड वाकडं केलं.

"गुणाबाई, यंदा मोगऱ्याला वास कमी हाय गो."

"तुला सर्दी झाली असंल."

"मला कशाची सर्दी? अतियाला विचार. ए अतिया, सूंघ के बता." 

रुकय्याच्या मुलीने वास घेतला आणि आईच्या भीतीने की खरंच, मान हलवली.

"बघ. कोन तरी आधीच काढून घेतंय तुझा वास," रुकय्या हसत म्हणाली.

तिने हे गमतीत म्हटलं होतं. गुणाबाईच्या मनात ते काट्यासारखं मोडून बसलं. परतीच्या एसटीत ती त्याचाच विचार करत होती. विहिरीवरच्या उंबराला मधमाश्यांचं मोठं पोळं होतं, नवशाच्या वेळेपासूनचं. माश्या दिवसभर वाडीत गुणगुणायच्या, या फुलावरून त्या फुलावर. आजवर तिने कधी त्यांच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. एवढ्या माश्या, एवढी तोंडं. फुलाच्या पोटात शिरून काय करतात, रिकाम्या हाताने थोड्याच जातात? दुसऱ्याच दिवशी तिने रानातल्या एका मध काढणाऱ्याला बोलावलं. त्याने ओल्या पाल्याचा धूर केला, पोळं उतरवलं, मध घेऊन गेला. उंबराखाली मेलेल्या माश्यांचा सडा पडला. उरलेल्या, धुराबरोबर कुठे गेल्या कुणास ठाऊक. वाडी एकदम शांत झाली. गुणाबाईला ते बरं वाटलं.

त्याच सुमाराला घरात सून आली होती. कमळ, गणेशपुरीच्या पलीकडच्या पाड्यातली, अंगाने बारीक, बोलायला कमी. लडकू भिवंडीत लूमवर होता. शिफ्टप्रमाणे घरी यायचा आणि निम्मा वेळ झोपायचा. म्हणजे घरात दोघी. गुणाबाई सुनेकडे वाडीच्या दारातल्या मातीकडे बघावं तसं बघायची. ही हळू का चालते? हिने भात उतरवताना झाकण दोनदा का उचललं?

चैत्रात शिराळ्याच्या वेलाला पहिली फळं धरली, करंगळीएवढी. पिवळ्या फुलाच्या मागे हिरवं शेपूट निघाल्यासारखी. कमळ पहिल्यांदाच मांडवाखाली आली होती. तिने वर पाहिलं, तिचा चेहरा उजळला, आणि तिने हात लांब करून बोट दाखवलं.

"आई, त्या बघा. त्या तिकडं पन. किती लागल्यात!"

गुणाबाईच्या हातातली पाण्याची बादली तिथेच टेकली. त्या भागात लहान पोरालाही माहीत असतं की कोवळ्या फळाकडे सरळ बोट करायचं नसतं. दाखवायचंच असेल तर बोट मुडपून, पेराने दाखवायचं. चुकून सरळ झालंच तर लगेच ते दातांखाली धरायचं. नाहीतर फळ कुजतं, गळतं.

"बोट चाव," गुणाबाई म्हणाली.

कमळला कळलं नाही. कळलं तेव्हा तिने बोट तोंडात घातलं, पण वेळ निघून गेली होती.

दोन-चार दिवसांत ती करंगळीएवढी शिराळी पिवळी पडली. मग टोकाकडून सुकली. मग वारा नसतानाही एकेक करून गळली. पुढची धरली, तीही गेली. मांडवावर फुलं रोज नवी फुटत होती, आणि फळ एकही टिकत नव्हतं. गुणाबाईच्या आयुष्यात असं झालं नव्हतं. मोगऱ्याचा वास होता तसाच राहिला, कमी नाही, जास्त नाही. पण आता तिचं लक्ष तिकडे नव्हतं.

लडकू शिफ्ट संपवून घरी आला तेव्हा ती त्याला ओट्यावर घेऊन बसली. कमळ आत चुलीशी होती, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "आखातीपर्यंत बघतंय मी. तोवर येल सुदारला न्हाय, तर हिला माहेरी पोचवून ये. पांढऱ्या पायाची बाय माज्या वाडीत नको."

"आये, शिराळ्यासाठी बायको सोडू?"

"शिराल्यासाठी न्हाय. वाडी गेली तर तू काय, तो लूम खानार?"

 लडकू झोपायला आत गेला. चुलीतलं लाकूड कुणीतरी पुढे सरकवल्याचा आवाज आला, बस.

त्यानंतर एका सकाळी दारातल्या मातीत पाऊल उमटलेलं होतं. माणसाचं, अनवाणी. नुसते चवडे, टाच टेकलेलीच नव्हती. गुणाबाईने आपलं पाऊल त्याच्यावर ठेवून बघितलं. तिच्यापेक्षा लहान. म्हणजे बाईचं, आणि चोरपावलांनी आलेल्या बाईचं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी पावलं नव्हती, पण माती झाडलेली होती, आणि ती तिने झाडलेली नव्हती. फांदीचे ओरखडे उलट्या दिशेने होते.

कमळ संध्याकाळी विहिरीवर पाण्याला जायची. गुणाबाई वाडी बंद करून घरी आली की ही हंडा घेऊन निघायची. अलीकडे हिला उशीर होत होता. विचारलं तर म्हणायची, दोर गुंतला.

त्या संध्याकाळी गुणाबाई वाडीचं दार लावून घरी आली, सुनेला हंडा घेऊन निघताना पाहिलं, आणि तिच्या मागोमाग, पण दिराच्या शेतातून वळसा घालून, कुडाच्या मागे जाऊन बसली. करवंदीचे काटे तिच्या पदरात अडकले. तिने ते सोडवले नाहीत.

कमळने हंडा विहिरीच्या काठावर ठेवला, बांबू उचलला आणि आत शिरली. शिराळ्याची फुलं कलत्या उन्हालाच उमलतात. मांडव पिवळ्या फुलांनी भरून गेला होता, आणि त्यांच्यावर एक माशी नव्हती. कमळने एक फूल तोडलं. त्याच्या पाकळ्या एकेक करून खुडून टाकल्या, आणि उरलेला बोंडासारखा भाग दुसऱ्या एका फुलाच्या पोटात टेकवून हलकेच फिरवला. मग तिसऱ्या फुलात. तिचे ओठ हलत होते.

गुणाबाईने ओळखलं. करणी. माझ्याच मांडवाखाली, माझ्याच सुनेच्या हातून. ती उठली तेव्हा पदर टर्रकन फाटला, आणि कमळ वळायच्या आत तिने तिचं मनगट धरलं.

"काय करतंस? कुनी शिकवलं? काय पुटपुटतंस?"

"काय न्हाय, आई. गानं."

"गानं! कसलं गानं?"

"जात्यावरचं. भ्या वाटतंय म्हनून."

"कुनाचं भ्या?"

कमळने तिच्याकडे पाहिलं. "तुमचं."

गुणाबाईने मनगट सोडलं नाही. कमळ घाईघाईने सांगू लागली. तिच्या माहेरी एक साल वणव्याने रान जळलं, माश्या निघून गेल्या. त्या साली वेलाला फुलंच फुलं आली, फळ नाही. तेव्हा तिची मावशी संध्याकाळी अशी फुलं टेकवायची. ज्या फुलाच्या मागे फळ नसतं, ते तोडायचं. ज्याच्या मागे असतं, त्याच्यात टेकवायचं. माशी तेच करते.

"मंग मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं अस्तं तर तुम्ही म्हनाला असता, बोट दाखवलं ते दाखवलं, आता हात पन लावतेय."

हे खरं होतं, गुणाबाईलाही ते कळलं. पण तिचा विश्वास बसला नाही. तिने पदराचा फाटलेला काठ ओढला, त्याचे दोरे काढले आणि म्हणाली, "कुठल्या कुठल्या फुलांना लावलंस? दाखव. बोट मुडपून दाखव."

कमळने दाखवलेल्या प्रत्येक फुलाच्या देठाला तिने दोरा बांधला. "आता या मांडवाखाली पाय ठेवायचा न्हाय," ती म्हणाली, आणि त्यानंतर पाण्याला स्वतः जाऊ लागली.

बिनदोऱ्याची शिराळी पिवळी पडली आणि गळली. दोऱ्याची राहिली. बोटाएवढी झाली, मग वीतभर, कडा उठून दिसू लागल्या. गुणाबाई रोज त्यांच्याखाली उभी राहायची. तिला आधी वाटलं, दोऱ्याचा गुण असेल. तिने दोरे सोडले. शिराळी वाढतच राहिली. मग वाटलं, सुनेने काहीतरी म्हटलं असेल त्यांच्यावर. मग एका दुपारी, शिवारात चिटपाखरू नसताना, तिने आजूबाजूला पाहिलं, हात वर केला आणि टिकलेल्यांतल्या सगळ्यात कोवळ्या एका शिराळ्याकडे सरळ बोट केलं. जन्मात केलं नव्हतं.  ते बोट दाताखाली धरायचा मोह झाला, तो तिने आवरला.

ते शिराळं गळलं नाही. ती रोज येऊन बघत होती. ते गळलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, हे तिलाही कळत होतं. विहिरीवरच्या उंबराकडे मात्र तिने मान वर करून पाहिलं नाही. धूर कुणी लावायला सांगितला होता, हे तिने पुढे कधीच कुणाजवळ काढलं नाही आणि कमळनेही काढलं नाही.

आखातीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी लडकू सुट्टी घेऊन आला. कमळने आपलं लुगड्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं होतं.

"हे काय?" गुणाबाईने विचारलं.

"तूच म्हनालीस, आखातीला पोचव," लडकू म्हणाला.

"मी पुष्कळ म्हनतंय. मांडवाला फुलं फुटलीत, ती कोन टेकवनार? तुजा मुकादम?" मग सुनेकडे न बघता ती म्हणाली, "ते गाठोडं वाटंतून उचल. ठेच लागंल कुनाला."

कमळने गाठोडं उचललं. ते घेऊन ती आत गेली. संध्याकाळी दोघी मांडवाखाली होत्या. कमळ फुलं टेकवत होती, आणि गुणाबाई तिच्या प्रत्येक बोटावर नजर ठेवून होती.

पुढच्या उन्हाळ्यात रुकय्याने एवढी शिराळी पाहून विचारलं, "क्या जादू किया गो?" तेव्हा गुणाबाई म्हणाली, "माजी सून जादूगारीन हाय. मी नजर ठेवून हाय तिच्यावर." रुकय्या खूप हसली. गुणाबाई हसली नाही.

ती गेली ते साल एकोणऐंशी, वैशाखाचं कडक ऊन. त्या शेवटच्या दिवशी पहाटेपासून छातीत जड वाटत होतं, पण ते तिने कुणाला सांगितलं नाही. कळ्या खुडून झाल्या, शिराळी भरून झाली, एसटीची वेळ झाली आणि तरी ती ओट्यावर बसूनच राहिली. तिने टोपली पायाने कमळच्या दिशेने सरकवली.  इतक्या वर्षांत त्या टोपलीला कमळने हात लावलेला नव्हता.

"मी?" तिने विचारलं.

"मंग काय मोगरा चालत जाईल? रुकय्याकडं आज मेंदी हाय."

कमळने चुंबळ डोक्यावर ठेवली, टोपली उचलली. ती अंगण ओलांडून बांधापर्यंत गेली असेल, तेव्हा गुणाबाईने मागून हाक मारली. कमळ थांबली.

"टोपली मांडीवर घेऊन बस गो. खाली ठेवू नको. लोक काय चांगले न्हाईत."