गोगलगायींचा नैवेद्य

आमच्या घरात अंडं येत नसे. आई माझ्याकडे राहायला आल्यापासून तर केकसुद्धा "बिनअंड्याचा ना?" या प्रश्नाला उत्तर देऊनच आत यायचा. त्याच आईला मी एका सकाळी मागच्या गॅलरीबाहेर उभी पाहिलं. हातात माझा पोळ्यांचा चिमटा, आणि चिमट्यात ही एवढी जिवंत गोगलगाय.

"आई, काय चाललंय हे?"

"भारद्वाजासाठी आहे," ती म्हणाली. "मग त्याला काय वरणभात घालू?"

"अगं, पण माझा चिमटा..."

"तू दुसरा आण. हा आता त्याचा."

बोला आता. जन्मभर कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य करणारी बाई, आणि तिने गोगलगायी भिंतीवर नीट ओळीने मांडून ठेवल्या. मग हात धुतले, पुन्हा धुतले आणि देवपूजेला बसली.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मीरा रोडला पूनम सागरच्या मागच्या अंगाला, एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर आम्ही राहायचो. मागे चार कुंड्या मावतील एवढी जागा, मग कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे तेव्हा नुसतं खाजण होतं. लव्हाळी, काटेरी झुडपं, पावसाळ्यात कमरेएवढं गवत. मच्छर इतके की पाहुणे दुसऱ्यांदा यायचे नाहीत. आईला मात्र ती जागा पाहताक्षणी आवडली, आणि 'पाहताक्षणी' हा शब्द मी जरा जपूनच वापरते, कारण तिला दिसत फार कमी होतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा डोळा तर जवळजवळ कामातून गेलेला. भाईंदरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, आता करून घ्या, फार पिकला तर नंतर कठीण जाईल. पण आईच्या आत्याचा डोळा म्हणे ऑपरेशननेच गेला होता. "आहे तेवढंही जाईल. मग लेकीच्या घरी आंधळी होऊन बसू? जेवढं दिसतंय तेवढं मला पुरे." मी समजावलं, चिडले, दोन दिवस अबोलाही धरून पाहिला. पण शेवटी ती माझी आई, म्हणजे हट्टात माझ्या दोन पावलं पुढेच असणार. तो विषय काढला की ती उठून जपाची माळ घ्यायची. जप चालू असताना तिच्याशी बोलायची कुणाची टाप नव्हती.

भारद्वाज तिने आधी ऐकला. खाजणातून हूप, हूप, हूप असा घुमणारा आवाज आला आणि ती चहाचा कप ठेवून ताडकन उठली. "कुकुडकोंबा! अगं, हा इथे कसा?" गावी त्याला तेच म्हणायचे. सकाळी तो दिसला की दिवस चांगला, कामाला निघताना दिसला की काम फत्ते, आणि दिसल्या दिसल्या मनातलं मागून घ्यायचं, यावर तिची पक्की श्रद्धा. "उशीर नाही करायचा. एकदा झुडपात शिरला की गेलं."

"तू काय मागतेस?" मी विचारायचे.

"सांगितलं की फळत नाही," ती म्हणायची.

मी काही शकुनबिकुन मानणारी नाही. पण पक्षी खरंच देखणा होता. काळ्याभोर अंगावर निळसर झाक, पंख तांब्याच्या घासलेल्या हंड्यासारखे, आणि डोळे लालभडक. चिमणी-कावळ्यासारखा टुणटुण उड्या मारत नसे. भिंतीवरून एकेक पाऊल टाकत, शेपूट सावरत यायचा, जणू ती भिंत त्याच्या आजोबांनी बांधली होती. गोगलगाय चोचीत धरायची, भिंतीच्या कडेवर दोनदा आपटायची, आतला मऊ भाग ओढून घ्यायचा आणि कवच खाली टाकून द्यायचं. कुठे घाई नाही, कुठे सांडलवंड नाही. मग ऊन असलं तर पंख पसरून स्वस्थ बसायचा. ऑफिसला उशीर होत असला तरी मी दारात उभी राहून बघत राहायचे. असला लाजाळू पक्षी आईच्या एवढ्या जवळ येतो, याचं मला मनापासून कौतुक वाटायचं.

आणि आईचंही. गोगलगायी ती डोळ्यांनी शोधतच नसे. कुंडीच्या कडेखालून बोटं फिरवायची, लागली की चिमट्याने उचलायची. पक्षी आला की ती बोलायला लागायची. "या. आज उशीर केलात. काल कुठे होतात?" मला कधी अहो-जाहो केलं नाही तिने, पण त्याला करायची.

हळूहळू बिल्डिंगमध्ये बातमी पसरली. कुणाची परीक्षा, कुणाचा इंटरव्ह्यू, कुणाची पत्रिका जुळवायची, सकाळी सकाळी बेल वाजायची. वरच्या मजल्यावरची गुजराती शेजारीण तर ठरलेली. "माजी, आया क्या?" आईचं हिंदी म्हणजे आनंदच. "थांबो. आवाज आया, अब वो खुद आयेगा." मग दोघी हात जोडून भिंतीकडे बघत उभ्या. मी आत डबा भरत असायचे आणि हसू दाबत असायचे. पण गावाहून आल्यापासून ओठ मिटून बसलेली आई आता दिवसभर कुणाकुणाशी बोलत होती. त्यामुळे मीही बेल वाजली की निमूट दार उघडायचे.

पाऊस सरला, नवरात्र आलं. त्या शेजारणीच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते, म्हणून ती सकाळीच खाली आली. लांब खाजणात हूप हूप चाललं होतं. आई भिंतीसमोर हात जोडून उभी होती. "आवो, आवो. देखो, बैठा है. मांगो जल्दी."

शेजारणीने पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "माजी, ये तो कौआ है."

भिंतीवर कावळा होता. चोचीत गोगलगाय धरून, मान तिरकी करून तिघींकडे बघत होता. आईचे हात जोडलेलेच राहिले. मग ती म्हणाली, "आज रूप बदलके आया होगा." शेजारीण हसली, आईच्या पाया पडली आणि गेली. भली बाई. पुन्हा त्यावर चकार शब्द काढला नाही तिने.

आई आत येऊन खुर्चीत बसली. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"कधीपासून येतोय गं हा कावळा?"

"मला नाही माहीत. मी निघून जाते ना सकाळी."

"म्हणजे लोकांना मी कावळ्याच्या पाया पडायला लावत होते." मग म्हणाली, "त्याचं काही नाही. कावळाही जीवच आहे. पण मी त्याला ओळखला नाही." ती खालच्या आवाजात बोलली. "तुला खरं सांगू? भारद्वाज मी इथे आल्यापासून नीट पाहिलेलाच नाही. काळं काहीतरी हलतं, तेवढंच दिसतं. ते तांबडे पंख, ते लाल डोळे, सगळं माझ्या लहानपणचं. तेच तुम्हाला सांगत होते."

एवढे महिने ती रोज ज्याच्याशी गप्पा मारत होती, तो तिला दिसतच नव्हता. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"त्या डॉक्टरची वेळ घे," ती म्हणाली. "घाबरतेय मी. तरी घे."

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर मी शकुन न मानणारी बाई काय काय पुटपुटत होते, ते मी कुणाला सांगणार नाही. आत्याची गोष्ट राहून राहून आठवत होती. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, काय दिसतंय?" आई माझ्याकडे बघत म्हणाली, "हिची टिकली वाकडी लागलीय." मी तिथेच रडायला लागले.

घरी आल्यावर वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, गॅसजवळ जायचं नाही. मग गोगलगायी कोण उचलणार? झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी मी, नाक मुरडत, त्याच चिमट्याने कुंड्यांच्या बुडाशी खरवडायला लागले. कावळा यायचा, त्याला हुसकून लावायचे. भारद्वाज काही यायचा नाही. खाजणातून हूप हूप व्हायचं आणि आई काळा चष्मा लावून गॅलरीत बसायची. "येईल," ती म्हणायची. "त्याला कुठे माहीत, मी वाट बघतेय ते."

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी तो आला. आधी लव्हाळी हलली, मग तो भिंतीवर चढला आणि त्याच्या त्या जमीनदारी चालीने पुढे आला. ऊन पंखांवर पडलं होतं. आईने चष्मा काढला. डॉक्टरांनी सांगितलं होतं काढू नका म्हणून, पण मीच तो तिच्या हातातून घेऊन ठेवला. त्याने गोगलगाय आपटली, खाल्ली, चोच भिंतीला पुसली, पंख पसरून बसला. आई हलली नाही. मग तो उठला, सावकाश पलीकडे उतरला आणि गवतात शिरला.

"आई, मागितलंस का?" मी विचारलं.

ती अजून रिकाम्या भिंतीकडेच बघत होती.

"नाही गं," ती म्हणाली. "बघतच राहिले. मागायचं राहूनच गेलं."